बाईंची रेघ

माझं आणि मोजणीबाईंचं भांडण कधी झालंच नाही, हेच आमच्या भांडणाचं मूळ होतं. झालं असतं तर कधीतरी मिटलं तरी असतं. सतरा वर्षं आम्ही एका खोलीत पाठीला पाठ लावून काम केलं, एकमेकांना चहा ओतून दिला, आजारपणात घरी जाऊन आलो, आणि त्यातल्या शेवटच्या पंधरा वर्षांत एक दिवस असा गेला नाही की मी मनातल्या मनात त्यांना चार शब्द सुनावले नाहीत. माझा स्वभाव तसा आहेच. आमची ही म्हणते, तुमच्या नाकावर राग नुसता बसलेला नाही, त्याने तिथे घर बांधलंय.

रागाचं कारण भिंतीवर टांगलेलं होतं. ते सांगण्याआधी आमचं काम सांगायला हवं.

आमचा कारखाना खाणकामगारांच्या पेट्या बनवतो. जमिनीखाली काम करणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेच्या पट्ट्याला एक पत्र्याची पेटी अडकवलेली असते. खाली आग लागली की पेटी उघडायची, आतला मुखवटा तोंडावर चढवायचा आणि वरच्या वाटेला लागायचं. अशा आगीतून एक वायू निघतो, त्याला वास नाही की रंग नाही. माणूस चालता चालता खाली बसतो आणि पुन्हा उठत नाही. आमच्या पेटीत काळसर दाणे असतात, तांब्याच्या आणि मँगनीजच्या ऑक्साइडचे. हवा त्यांच्यातून गेली की तो वायू तिथल्या तिथे निरुपद्रवी होतो. दाणे स्वतः खर्च होत नाहीत, दुसऱ्याकडून काम करून घेतात. याला उत्प्रेरक म्हणतात. शाळेत सगळ्यांनी हा शब्द पाठ केलेला असतो आणि परीक्षा संपली की सगळे तो विसरतात. फक्त ओल या दाण्यांची वैरीण. दमट हवेत ते हळूहळू थकतात, म्हणून मुळात दमदार असावे लागतात.

नवीन माणूस खोलीत आला की बाई त्याला बाकीचं समजावत. शब्द ठरलेले होते, मला पाठ झाले होते.

"ओले कपडे बोळा करून कोपऱ्यात टाकले तर वाळतील का? नाही ना? दोरीवर पसरले तर वाळतात. जेवढ्या कपड्याला वारा लागतो तेवढाच वाळतो. ऑक्साइडचंही तसंच आहे बघ. नुसता गोळा ठेवला तर वरचा थर राबतो आणि आतलं सगळं बसून खातं. म्हणून ते एका पांढऱ्या भुकटीवर पातळ पसरायचं. ती भुकटी म्हणजे आपली दोरी. दोरी लांब, तर कपडे जास्त, तर काम जास्त. आणि ती दोरी किती लांब आहे ते मी मोजते."

पांढरी भुकटी म्हणजे ॲल्युमिना. आम्ही तिला 'आधार' म्हणतो. दिसायला पिठासारखी, पण कण न् कण आतून सच्छिद्र. एका ग्रॅममध्ये आतलीबाहेरची सगळी भिंत उलगडली तर दोनशे चौरस मीटर भरते. एका चिमटीत बॅडमिंटनची दोन मैदानं, आणि वर प्रेक्षकांना उभं राहायला जागा. हे मोजणारी बाई म्हणून त्या मोजणीबाई.

मोजायची रीतही बघण्यासारखी. काचेच्या नळीत भुकटी घ्यायची, तापवून आणि हवा ओढून तिची ओल काढायची, मग नळी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायची. त्या भयंकर थंडीत नायट्रोजन वायूचे छोटे छोटे घोट आत सोडायचे. वायू भिंतींना चिकटून बसतो. किती चिकटला यावरून भिंत किती ते कळतं. प्रत्येक घोटाला यंत्राची झडप 'टक' असा आवाज करते. बाई बाजूला बसून रिकाम्या काचनळ्या पुसत. एक मोजणी संपेपर्यंत त्यांच्या अकरा नळ्या पुसून व्हायच्या. घड्याळाकडे त्या बघतच नसत.

आणि मी नळीवाला. माझी नळी वेगळी. तिच्यात तयार दाणे भरायचे, एका टोकाने तो विषारी वायू मिसळलेली दमट हवा सोडायची आणि दुसऱ्या टोकाला वायू निसटला की हलणाऱ्या काट्याकडे बघत बसायचं. काटा हलला की दाणे दमले. किती मिनिटं टिकले, ती त्यांची ताकद. साठच्या खाली चालत नाही, आमचे सत्तर-पंचाहत्तर जायचे. पण तयारीसकट एका चाचणीला अख्खा दिवस लागतो. पूर्वी प्रत्येक खेप माझ्या नळीतून गेल्याशिवाय फाटकाबाहेर पडत नसे. त्या काळात साहेब मला बघून उभे राहायचे. बरं, उभे नसतील राहत, पण मान तरी हलवायचे.

मग बाईंनी रेघ काढली.

चौदा महिने त्यांनी प्रत्येक खेपेचे दोन आकडे जपून ठेवले, आधाराचं त्यांनी मोजलेलं क्षेत्रफळ आणि माझ्या नळीतली मिनिटं. मग आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले. आडव्या बाजूला क्षेत्रफळ, उभ्या बाजूला मिनिटं. ठिपके शाळेतल्या मुलांसारखे एका ओळीत उभे राहिले. बाईंनी पट्टी ठेवून तिरपी रेघ ओढली. क्षेत्रफळ वाढलं की ताकद वाढते. साहेबांना काय, आनंदाचं भरतं आलं. दर खेपेला एक दिवस वाचला! ठरलं असं की आधाराचं क्षेत्रफळ एकशे ऐंशीच्या वर असलं की खेप पास. नळी फक्त दर दहाव्या खेपेला लावायची. शितावरून भाताची परीक्षा. तक्त्याला चौकट करून तो भिंतीवर लावला, माझ्या डोळ्यांसमोर. मला बाटल्यांना चिठ्ठ्या लावायचं काम मिळालं.

आता खरं सांगायचं तर रेघ बरोबर होती. तोच तर राग होता.

बाई या कारखान्यात आल्या त्या बाटल्या धुवायला. आईवडील वर्षभरात पाठोपाठ गेले तेव्हा बाई एकोणीस वर्षांच्या आणि धाकटा भाऊ सहा वर्षांचा. बाटल्या धुता धुता आधीच्या मोजणाऱ्याच्या मागे उभं राहून त्यांनी यंत्र शिकून घेतलं. तो निवृत्त झाला तेव्हा साहेबांनी विचारलं, आता कोण चालवणार, तर बाईंनी साबणाचा हात पुसला आणि झडप फिरवून दाखवली. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायच्या, "एक पोरगं तयारच मिळालं होतं, पुन्हा कशाला खटाटोप." धाकटा मोठा झाला, खाणीत लागला, बायकामुलांचा धनी झाला, पण बाईंच्या लेखी तो अजून सहा वर्षांचाच होता.

त्याच्या कमरेला आमचीच पेटी. पेट्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून बाईंनी त्याच्या पेटीच्या कडीला निळा दोरा बांधला होता. दर वेळी नवी पेटी मिळाली की तो दोरा घेऊन यायचा, "ताई, बांध." पंचेचाळीस वर्षांचा बाप्या. आम्ही बाकीचे 'कामगारांसाठी' पेट्या करत होतो. बाई एका कमरेसाठी करत होत्या. त्यांच्या मोजणीत कधी चूक निघाली नाही, त्याचं कारण हे असावं.

त्या वर्षी आधाराचा पुरवठादार बदलला. नव्या भुकटीची पहिली पोती एका सोमवारी आली. बाईंनी मोजलं. तीनशे चौतीस.

खोलीत उत्सव. तीनशेचं तोंड आम्ही कधी पाहिलं नव्हतं. साहेब स्वतः खाली आले, तक्त्यासमोर उभे राहिले, रेघ बोटाने पुढे ओढत चौकटीच्या बाहेर नेली आणि म्हणाले, "बाई, तुमची रेघ भिंतीवर मावेना!" सगळे हसले. बाईही हसल्या, पण ते हसू उसनं होतं.

कारण नळ्या. मी पाठमोरा बसलो होतो तरी मला ऐकू येत होतं. झडप एरवी ठेक्यात वाजते. त्या दिवशी एक 'टक' झाल्यावर पुढचं 'टक' येईच ना. बाईंच्या अकरा नळ्या पुसून झाल्या, तरी मोजणी चालूच. त्यांनी पहिल्यापासून पुन्हा नळ्या पुसायला घेतल्या. दुसऱ्या फेरीतली सहावी नळी हातात असताना यंत्र थांबलं. यंत्राच्या कागदावरची रेषाही नेहमीसारखी सावकाश चढत गेली नव्हती. सुरुवातीलाच ताडकन उभी राहिली होती आणि पुढे आडवी पडली होती.

"वायूला आत शिरायला एवढा वेळ का लागला असेल हो, नळीवाले?" बाईंनी विचारलं.

"मैदान मोठं आहे, वेळ लागणारच," मी म्हणालो. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"मोठं असलं म्हणून काय झालं? दार मोठं असेल तर गर्दी पटकन आत जाते. दारंच बारीक असतील तर..." वाक्य त्यांनी अर्धवट सोडलं. बाईंच्या मनात पाल चुकचुकली होती.

आधारावर ऑक्साइड चढवायला, वाळवायला आणि भाजायला दहा दिवस लागतात. त्या दहा दिवसांत बाई डबा उघडायच्या आणि तसाच बंद करायच्या. दोनदा मला विचारलं की खिडकीतून गार वारा येतोय का. खिडकी बंद होती. अकराव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, तयार दाण्यांची बरणी घेऊन त्या माझ्या टेबलाशी आल्या.

"एवढे एकदा नळीतून बघाल का?"

पंधरा वर्षं मी या वाक्याची वाट बघत होतो. ते इतक्या साध्या आवाजात येईल असं वाटलं नव्हतं. मी चिठ्ठ्या चिकटवत राहिलो.

"ही सातवी खेप. नळी दहाव्याला लागते."

"माहितीये. पण एका दिवसाचं तर काम आहे."

"रेघ काय म्हणते तुमची?"

बाईंनी वळून भिंतीकडे पाहिलं. "रेघ म्हणते, उत्तम."

"मग झालं तर. आम्ही कोण शहाणे रेघेच्या पुढे?"

त्या बरणी माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून गेल्या. गुरुवारी ती तिथेच होती, शुक्रवारीही होती. मला कामं नव्हती असं नाही. बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या होत्या ना. आज हे लिहिताना हात जड होतो, पण लिहितो. त्या दोन दिवसांत माझ्या जिवाला गारवा वाटला होता.

शनिवारी दुपारी तीनशे चाळीस पेट्या भरून गाडी फाटकाबाहेर पडली. बाई खिडकीशी उभ्या होत्या. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी उभ्याच होत्या.

सोमवारी मी आलो तेव्हा बाई माझ्याआधी आलेल्या होत्या, आणि यंत्र चालू होतं. त्यांनी एक नवीनच गोष्ट केली होती. कोरा आधार न मोजता तयार दाणे मोजले होते, ऑक्साइड चढलेले. असं आमच्याकडे कोणी करत नसे. आधार मोजला की बाकीचं रेघ सांगायची. बाईंनी कपाटातून जुन्या खेपेचे दाणेही काढले होते. जुन्यांचं क्षेत्रफळ एकशे साठ भरलं. आधार दोनशे, चढवल्यावर एकशे साठ. आणि नवे?

"सत्त्याण्णव," बाई म्हणाल्या. "तीनशे चौतीसचे सत्त्याण्णव. नळीवाले, दोरी लांब होती हो, पण कपाटात बांधलेली. छिद्रं इतकी बारीक की नायट्रोजन कसाबसा शिरला. ऑक्साइड तोंडाशीच अडकलं आणि दारंच बुजली. आतलं सगळं मैदान बंद. मी रिकामं घर मोजलं आणि माणसं मावतील म्हणून लिहून दिलं."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"मला काय शिव्या द्यायच्या त्या नंतर द्या," बाई म्हणाल्या. "पण नळी लावा."

मंगळवारी नळी लावली. काटा नवीन, रबर नवीन, सांधे साबणाच्या पाण्याने तपासले. बाई घड्याळ घेऊन शेजारी उभ्या. पाच मिनिटं. दहा. पंधरा. मी म्हणालो, बघा, काही नाही. बाईंनी हात वर करून मला गप्प केलं.

बाविसाव्या मिनिटाला काटा हलला.

मी वायू बंद केला. सांधे पुन्हा तपासले. दहा खेपांतून एकदाच वापरली जाऊन माझी नळीच बिघडली असेल अशी आशा वाटली. आपलं यंत्र बिघडलेलं निघावं म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा देवाला हात जोडले. नळी ठणठणीत होती.

"धाकट्याला त्याच्या जागेवरून वर यायला पस्तीस मिनिटं लागतात," बाई म्हणाल्या. "मी विचारून ठेवलंय. चढण आहे."

त्यांनी तिथेच फोन लावला. हात साबणाच्या पाण्याने ओले होते म्हणून स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं. धाकटा पाळीला निघायच्या तयारीत होता.

"आज जाऊ नकोस."

"का गं?"

"पोट दुखतंय म्हणून सांग. ताप आलाय म्हणून सांग. काहीही सांग."

"ताई, मी काय शाळा बुडवतोय का?" तो हसला. मग थांबला. "काय झालंय?"

बाईंनी सांगितलं. पेटी बावीस मिनिटांची आहे, असं अगदी सरळ शब्दांत.

"ताई, मी घरी बसलो तर माझ्या जागी दुसरा जाईल ना? त्याच्या कमरेलाही तीच पेटी." तो रागावला नव्हता, समजावत होता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "मला थांबवू नकोस. पेट्या थांबव."

फोन बंद झाल्यावर बाई स्टुलावर बसल्या. "बघितलंत?" त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं मला एकच कंबर दिसत होती."

साहेबांच्या खोलीत आम्ही दोघं गेलो. साहेब वाईट माणूस नाही, पण घाबरट आहे, आणि घाबरट माणूस आधी दुसऱ्याला घाबरवतो. "एका चाचणीवर तीनशे चाळीस पेट्या परत मागवायच्या? खाणवाले काय म्हणतील? आणि नळी तरी किती दिवसांनी लावलीत तुम्ही? बाई, पंधरा वर्षं तुमच्या तक्त्यावर आपण चाललोय. तक्ता सांगतो..."

बाई उठून बाहेर गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या. पण त्या चौकट काढून घेऊन आल्या, खिळ्यासकट. साहेबांच्या टेबलावर ती ठेवली तेव्हा भिंतीचा चुना कागदपत्रांवर सांडला.

"हा मी काढलाय," त्या म्हणाल्या. "जुन्या भुकटीसाठी तो खरा होता. तिची छिद्रं रुंद होती, आतपर्यंत ऑक्साइड जायचं. 'भुकटी बदलली तर पुन्हा तपासा' एवढी एक ओळ मी खाली लिहायला हवी होती. मला सुचलं नाही. पंधरा वर्षं सगळे वा वा करत होते, मलाही बरं वाटत होतं. चूक माझी लिहा, माझ्या नावावर लिहा, पण गाडी आज पाठवा."

साहेबांनी कागदांवरचा चुना झटकला. शेवटी म्हणाले, उद्या दुसऱ्या बरणीतले दाणे घ्या, मी स्वतः समोर बसतो, आणि तोवर गोदामातल्या जुन्या पेट्या मोजून ठेवा. म्हणजे अर्धा होकार. अर्ध्या होकारावर अख्खा दिवस काढायचा होता.

तो बुधवार मी विसरणार नाही. साहेब, बाई आणि मी नळीभोवती बसलो होतो. जवळच्या खाणीत त्याच वेळी पाळी चालू होती, धाकटा खाली होता, आणि खाली फोन लागत नाही. बाईंच्या हातात फडकं होतं आणि पुसायला नळी नव्हती. त्या नुसतं फडकंच चुरगाळत होत्या. चौदाव्या मिनिटाला वरच्या खोलीतला फोन वाजला. साहेब जिन्यावरून धावत गेले, त्यांना धावताना मी प्रथमच पाहिलं. परत आले ते कपाळ पुसत. "पंख्याच्या दुरुस्तीवाला," म्हणाले. कोणी हसलं नाही.

एकविसाव्या मिनिटाला काटा हलला. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि पुन्हा जिना चढले. तासाभरात जुन्या पेट्यांनी भरलेली गाडी निघाली. दोन पाळ्यांच्या मधल्या वेळेत फाटकाशी रांग लावून सगळ्यांच्या कमरेच्या पेट्या बदलून घेतल्या. सोमवारपासून बुधवारपर्यंत खाली काहीच झालं नाही. आग लागली नाही, धूर झाला नाही. कोणाला काही कळलंही नाही.

गुरुवारी परत आलेल्या पेट्या खोलीत रचलेल्या होत्या. बाई त्यांतून एकेक काढून बघत होत्या. मी बाटल्यांपाशी उभा होतो. गुरुवारच होता, त्यामुळे राहवलं नाही.

"बाई, मागच्या गुरुवारी मी नळी लावली असती तर गाडी निघालीच नसती. मुद्दाम नाही लावली मी."

"माहितीये मला," बाई मागे न बघता म्हणाल्या.

"मग बोलत का नाहीत?"

"काय बोलू? मी तरी गुरुवारी साहेबांकडे कुठे गेले? आरडाओरडा करता आला असता. बरणी ठेवली आणि गप्प बसले. तुम्हाला राग प्यारा होता, मला रेघ." मग त्यांचा हात थांबला. एका पेटीच्या कडीला निळा दोरा होता.

पेटी त्यांनी माझ्यापुढे धरली. "ही लावा."

गरज नव्हती. खेपेचं जे व्हायचं ते ठरलं होतं. तरी मी पेटी उघडली, दाणे नळीत भरले, दमट हवा सोडली. तीन दिवस हे दाणे त्याच्या कमरेला होते, चढणीवर, उतरणीवर, डबा खाताना. बाई घड्याळ घेऊन उभ्या राहिल्या आणि मिनिटांबरोबर हळू आवाजात वाट मोजू लागल्या. भावाने कधीतरी सांगितली असणार. "आता बोगद्याचं वळण... आता पंपाची खोली... इथून चढण सुरू..."

एकोणिसाव्या मिनिटाला काटा हलला.

"चढणीच्या मध्यावर," बाई म्हणाल्या. त्यांनी आकडा लिहिला नाही. पेन्सिल हातातच राहिली.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. धाकटा होता, पाळी संपवून वर आलेला. बाईंनी बोट लावून स्पीकर चालू केला.

"काय गं ताई, काय हे तुमच्या लोकांचं! काल तासभर रांगेत उभं केलं आम्हाला. आणि ही जुनी पेटी दिलीय, तिची कडी टोचते बरगडीला. दिवसभर नुसता वैताग."

बाईंनी खाली बघितलं. निळा दोरा त्यांच्या बोटाला गुंडाळलेला होता.

"एक भोक सैल कर पट्टा," त्या म्हणाल्या.

"केला गं. तरी टोचते."

"टोचू दे."

"आणि माझा दोरा त्या पेटीबरोबर गेला. कोणाची पेटी कोणती, काही कळेना. उद्या येतो, नवा बांधून दे."

"सगळ्यांना घेऊन ये," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना बांधून देते."

"सगळ्यांना? वेडी आहेस का ताई? तीनशे चाळीस जण आहेत!"

"माहितीये मला किती आहेत ते," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू फुटलं.